सुझौची पंगत

२०२५ सालच्या कोजागिरीला आम्ही उभयता बडोद्यात नव्हतो. लग्नाला बेचाळीस वर्षे झाली, पण कोजागिरीचे दूध परक्या गावी आटवण्याची आमची ही पहिलीच वेळ. आणि परके गाव तरी कोणते? तर चीन देशातले सुझौ. आमचा मुलगा तिथल्या एका यंत्रांच्या कारखान्यात चार वर्षांपासून नोकरीला आहे. सूनबाई आणि सात वर्षांची नात त्याच्याबरोबर असतात. ‘एकदा तरी येऊन जा’ असा त्यांचा लकडा होता. म्हणून सप्टेंबरात मुंबईहून सिंगापूरमार्गे शांघायला उतरलो आणि तिथून आगगाडीने अर्ध्या तासात सुझौला पोचलो.

सुझौ हे फार जुने गाव. इसवी सनापूर्वी ५१४ साली वसले, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. गावातून कालवे वाहतात, त्यांवर दगडी कमानींचे पूल आहेत, आणि घरंदाज लोकांनी हौसेने केलेल्या जुन्या बागा १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात गणल्या जातात. गावाच्या पूर्वेला मात्र १९९४ साली सिंगापूरच्या भागीदारीने उद्योगनगरी उभी राहू लागली. तिथे उंचच उंच इमारती आणि रुंद रस्ते आहेत. आमच्या मुलाचे बिऱ्हाड या नव्या भागात, चौदाव्या मजल्यावर. पण आज मला सांगायचे आहे ते बागांविषयी नव्हे, इमारतींविषयी नव्हे. एका जेवणाविषयी सांगायचे आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे राष्ट्रीय सुटी असते. त्या सुटीत मुलाच्या वरिष्ठांचे आमंत्रण आले. शनिवारी, ४ तारखेला, संध्याकाळी जेवायला यावे. आपली वृद्ध आईही येणार आहे. मुलगा म्हणाला, “बाबा, इथे आपल्या आईला घेऊन कुणी असं जेवायला बोलवत नाही. हा मोठा मान आहे.” त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसत होता, पण त्या आनंदाच्या पाठीमागे काळजीही दिसत होती, आणि ती कशाची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते.

मी बाहेर मासे-मटण खातो. सौ. मात्र जन्माची शाकाहारी. अंड्याचा केकही तिला चालत नाही. त्यात चातुर्मास सुरू, म्हणजे कांदा-लसूणही वर्ज्य. सुझौला येताना तिच्या पेटीत राजगिरा, शिंगाड्याचे पीठ, गोडा मसाला आणि पापड इतके होते, की कपड्यांना जागा उरली नव्हती. हिंगाची लहानशी डबी तर तिच्या पर्समध्ये कायम असते. आमंत्रण ऐकून ती म्हणाली, “तुम्ही सगळे जा. मी घरीच थांबते.”

सूनबाईने समजूत घातली, “आई, तुम्ही नुसत्या येऊन बसा. फळं खा, चहा घ्या.”

“पंगतीत नुसतं बसायचं?” सौ. म्हणाली, “आपण जेवतो आणि एक माणूस हात बांधून बसलंय, हे वाढणाऱ्याला किती लागतं, ते मला विचार.”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. आमच्या घरी पंगतीत एखाद्याने पानाला हात लावला नाही, तर माझी आई स्वतः जेवत नसे. म्हणजे गेली तरी पंचाईत, न गेली तरी पंचाईत. मुलगा काही बोलला नाही. तो बोलला नाही, हेच मला लागले.

आदल्या रात्री मी सौ.ला आमच्याच घराण्याची एक जुनी गोष्ट आठवून दिली. आमचे पूर्वज साताऱ्याकडून गायकवाडांच्या चाकरीत बडोद्याला आले, तेव्हा इथल्या पहिल्या जेवणात त्यांच्या पुढ्यात शेंगदाणे घातलेली गोड डाळ आली. “आजारी माणसाला वाढल्यासारखं वाटलं” असे ते म्हणाल्याचे घरात पिढ्यान्‌पिढ्या हसून सांगतात. आज आमच्या घरी ती डाळ आठवड्यातून तीनदा होते. मराठी माणसाची झणझणीत उसळ आणि गुजरातची शेव यांचे लग्न तर बडोद्याने असे लावले, की शेव-उसळ हे या गावाचेच पक्वान्न ठरले. आपण सगळेच कधी ना कधी परक्या ताटावर बसलेल्या माणसांची नातवंडे! फार कशाला, खुद्द सयाजीराव महाराज १८७५ साली कवळाण्यासारख्या खेड्यातून बाराव्या वर्षी राजवाड्यात आले, तेव्हा त्यांनाही तिथले ताट नवेच होते.

सौ.ने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “डाळ गोड होती, पण डाळच होती ना?” यावर मला उत्तर सुचले नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहतो तो तिने जरीकाठाची साडी काढलेली. म्हणाली, “मुलाच्या तोंडाकडे बघवत नाही. येते मी. पण भात असला तर भातच खाईन.”

जेवण एका जुन्या उपाहारगृहात होते. आमच्यासाठी स्वतंत्र खोली राखलेली; मधोमध मोठे गोल मेज, त्याच्यावर काचेची फिरती चकती. बसण्याचा क्रम आपल्या लग्नाच्या पंगतीइतकाच काटेकोर. दाराकडे तोंड करून यजमान, त्यांच्या उजव्या हाताला मुख्य पाहुणा म्हणून मी. सौ.ची जागा यजमानांच्या आईशेजारी. त्या बाई ब्याऐंशी वर्षांच्या. ठेंगण्या, पांढऱ्या आखूड केसांच्या, हाताला एक हिरवी बांगडी. आमची नात धावत त्यांच्याकडे गेली आणि “नायनाय, नायनाय” असे मोठ्याने म्हणू लागली. सौ. घाबरली. तिला वाटले, पोरगी कशाला तरी ‘नाही, नाही’ म्हणते आहे. मग कळले, चिनी भाषेत आजीला ‘नायनाय’ म्हणतात!

सूनबाईने आम्हाला आधीच काही गोष्टी बजावल्या होत्या. खायच्या काड्या भाताच्या वाटीत उभ्या खोचायच्या नाहीत. मृतांसाठी उदबत्त्या तशा लावतात. आपल्याकडे नाही का, पान वाढण्यात एक चूक झाली की ते श्राद्धाचे पान होते! चकती हळू फिरवायची आणि दुसरा वाढून घेत असेल तर मुळीच फिरवायची नाही. आणि भात मागायचा नाही. भात किंवा शेवया सगळ्यांत शेवटी येतात. आधीच भात मागितला, तर यजमानांचे पदार्थ अपुरे पडले, असा अर्थ होतो. हे शेवटचे ऐकून सौ.ने माझ्याकडे जे पाहिले, ते मी विसरणार नाही. तिचा सारा भरवसा भातावर होता.

यजमानांनी उभे राहून पेला उचलला. आपण हिंदुस्थानातल्या माणसांना फार मान देतो, असे म्हणून त्यांनी पहिले नाव घेतले ते आमच्या ओळखीचे निघाले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस! १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे जे पथक चीनच्या मदतीला गेले, त्यात कोटणीस होते. १९४२ च्या डिसेंबरात, अवघे बत्तीस वर्षांचे असताना, तिथेच त्यांचा अंत झाला. चिनी लोक त्यांना ‘के दीहुआ’ म्हणतात. इतक्या दूर, मराठी माणसाच्या नावाने भोजनाचा आरंभ व्हावा, याने माझा ऊर भरून आला. मी मद्य घेत नाही, पण तिथे ‘मद्याऐवजी चहा’ अशी सोय शिष्टाचारातच आहे. यजमानांनी वयाचा मान म्हणून आपला पेला माझ्या पेल्याच्या काठाखाली धरला. मी संकोचून माझा त्याच्याखाली नेला. त्यांनी आणखी खाली नेला. असे करता करता दोन्ही पेले मेजाला टेकले, आणि सगळे हसले. ‘आधी आपण, आधी आपण’ हे लखनौचे वैशिष्ट्य समजतात. ते सुझौलाही आहे.

मग पदार्थ येऊ लागले. आधी थंड पदार्थांच्या लहान बशा: कमळकाकडीच्या भोकांत चिकट तांदूळ भरून साखरेच्या पाकात शिजवलेल्या चकत्या, मुरवलेला मासा, जेलीफिशच्या पारदर्शक पट्ट्या. एका बशीत काळी अंडी होती. बदकाची अंडी चुना, राख, मीठ आणि चहा यांच्या लेपात कित्येक आठवडे मुरवली, की आतला पांढरा भाग काळसर तांबूस जेलीसारखा होतो आणि बलक करडा-हिरवा. मी एक फोड तोंडात टाकली. वास आधी नाकात गेला आणि मागाहून चव आली. चव वासाइतकी वाईट नव्हती, एवढे सांगतो.

त्यानंतर गरम पदार्थ. नदीतली इवलीशी कोळंबी, पांढरीशुभ्र, मसाल्याचा स्पर्श नसलेली. वामेच्या पट्ट्या, त्यांवर मेजाशीच कडकडीत तेल ओतले तेव्हा आमच्या फोडणीची आठवण झाली. आणि शेवटी सुझौचा नामांकित ‘खारीमासा’. अख्ख्या माशाचे काटे काढून मांसाला असे उभे-आडवे काप देतात, की तळल्यावर ते खारीच्या अंगावरच्या केसांसारखे फुलते. वर आंबटगोड रस. माशाचे तोंड माझ्याकडे फिरवून ठेवले. मुख्य पाहुण्याने पहिला घास घ्यायचा असतो.

इथे माझी एक फजिती झाली. ‘पानात टाकू नये’ हा लहानपणचा संस्कार. यजमानांनी वाढले, की मी बशी स्वच्छ करी. मी बशी स्वच्छ केली, की ते पुन्हा वाढीत. माझ्या हिशेबी स्वच्छ ताट म्हणजे अन्नाचा आदर. त्यांच्या हिशेबी रिकामी बशी म्हणजे पाहुणा अजून भुकेला. दोघेही सभ्य, दोघेही हट्टी. सात वेळा वाढल्यावर मुलगा कानात म्हणाला, “बाबा, थोडं ठेवा, नाहीतर हे थांबायचे नाहीत.”

पण हे सारे हसण्यावारी जाणारे होते. खरा प्रसंग मेजाच्या पलीकडच्या बाजूला घडत होता. सौ.ने कमळकाकडीच्या दोन चकत्या आणि थोडे शेंगदाणे एवढेच घेतले होते. एका हाताने मांडीवरच्या पर्समधली हिंगाची डबी ती आधारासारखी धरून बसली होती. तिची बशी रिकामी पाहून शेजारच्या आजीबाईंना राहवले नाही. त्यांनी जवळचा एक झाकलेला डबा उघडला, त्यातून एक तुकडा काड्यांनी उचलला आणि सौ.च्या बशीकडे नेला. तुकडा तपकिरी, चकाकणारा, पापुद्र्यांचा. वरची साल अगदी भाजलेल्या बदकाच्या सालीसारखी. सौ.ने चटकन बशीवर आडवा हात धरला. काड्या हाताला लागल्या, आणि तुकडा पांढऱ्या चादरीवर पडला.

क्षणभर कुणी बोलले नाही. आजीबाईंचा हात तसाच अधांतरी राहिला. मुलाचा चेहरा उतरला. नात मोठ्याने म्हणाली, “आजी, ते बदक नाहीये! खोटं बदक आहे!”

“खोटं असलं तरी बदकच ना!” सौ.च्या तोंडून निघून गेले.

कुणी भाषांतर केले नाही, पण अर्थ सगळ्यांना कळला असावा. आजीबाईंनी काही न बोलता पडलेला तुकडा चादरीवरून उचलला आणि स्वतःच खाल्ला. डब्याचे झाकण लावले. त्या हसत होत्या. पण ते हसू मी ओळखत होतो. पाहुण्याने पान सारले की माझी आई असेच हसत असे.

यजमानांनी हळू आवाजात मुलाला जे सांगितले, ते मला नंतर कळले. मुलाने त्यांना आधीच आईच्या खाण्याविषयी कळवले होते: मांस नाही, मासे नाहीत, अंडे नाही, कांदा-लसूण नाही. यजमानांनी ते आपल्या आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, ‘हे तर देवळातलं जेवण. हे मला येतं.’ बाई बौद्ध. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी स्वतः शाकाहार पाळणाऱ्या. उपाहारगृहाच्या स्वयंपाक्यावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून दुपारभर खपून त्यांनी तो पदार्थ घरीच केला होता आणि डबा बरोबर आणला होता. मेजावरची सगळी पक्वान्ने विकतची होती, सौ.च्या वाट्याचे तेवढे हातचे होते.

एवढ्यात नवी बशी आली. तळ्यात होणाऱ्या भाज्यांची ती मिश्र भाजी, हीही मुद्दाम लसणाशिवाय सांगितलेली. पांढऱ्या चकत्या, पांढरे मणी, आणि काही जाडसर पांढऱ्या फोडी. सौ.ने आता तरी काही खाल्लेच पाहिजे म्हणून चमच्याने एक फोड घेतली, चावली आणि थांबली.

“अहो,” ती मेजापलीकडून मला म्हणाली, “हा शिंगाडा आहे.”

शिंगाडाच होता! आदल्याच दिवशी एकादशी झाली होती, आणि बडोद्याहून आणलेल्या शिंगाड्याच्या पिठाचे थालीपीठ तिने त्या दिवशी खाल्ले होते. तिने नातीला सांगितले, “त्यांना म्हणावं, हे आमच्याकडे उपासाला चालतं.” नातीने सांगितले. आजीबाईंचे डोळे उजळले. त्यांनी चमच्यावर एक पांढरा मणी घेऊन दाखवला आणि काही विचारले. सौ.ला तो ओळखता येईना. मुलाने दूरध्वनीवर चित्र काढून दाखवले, तेव्हा उलगडा झाला: तो मखाण्याचा ताजा दाणा! आपण मखाणा फक्त भाजून फुटलेल्या लाहीच्या रूपात पाहिलेला. मिथिलेकडून तो तसाच येतो. सुझौकर मात्र शरदात कोवळ्या दाण्याची टणक साल काढून तो ताजाच खातात, आणि सोलणाऱ्या बायका नखांवर धातूची टोपणे चढवतात. शिंगाडा, मखाणा, कमळकाकडी अशा पाण्यातल्या आठ भाज्यांना तिथे मोठा मान. ‘पाण्यातले आठ सिद्धपुरुष’ असे त्यांना म्हणतात.

मग त्या दोघींचे जे बोलणे सुरू झाले! मधे सात वर्षांची दुभाषी. आजीबाईंनी सांगितले, लहानपणी त्या लाकडी टबात बसून तळ्यावर शिंगाडे काढायला जात. टब कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी सारखे काढावे लागत. सौ.ने सांगितले, आमच्याकडे माणसे गळ्याइतक्या पाण्यात उतरतात. उकडलेले की कच्चे, यावर चर्चा झाली. काटा बोटात रुतला तर काय करायचे, हेही निघाले.

बोलता बोलता सौ.ने त्या बंद डब्याकडे पाहिले आणि नातीला म्हणाली, “विचार बरं, त्यात काय काय घातलंय?”

आजीबाईंनी बोटांवर मोजून सांगितले. सोयाबीनचे दूध तापवले की वर जी साय धरते, ती वाळवून तिचे पातळ पापुद्रे करतात. ते भिजवायचे, एकावर एक पसरायचे, मध्ये अळिंबी आणि बांबूच्या कोंबाचे सारण, घट्ट गुंडाळी करायची, उकडायची, मग तेलात परतायची, सोयाचा रस आणि साखर घालून मुरवायची आणि वड्या कापायच्या.

सौ. ऐकत राहिली. पसरायचे, गुंडाळायचे, उकडायचे, तळायचे, कापायचे. तिने हात पुढे करून डबा जवळ ओढला, झाकण काढले आणि काड्यांच्या भानगडीत न पडता सरळ बोटांनी एक वडी उचलून तोंडात घातली. सारे मेज तिच्याकडे पाहत होते.

“अहो,” ती म्हणाली, “ही तर अळूवडीची बहीण!”

अळूवडी म्हणजे काय, हे चिनी भाषेत सांगणे नातीला जमेना. पण त्याची गरजही पडली नाही, कारण सौ.ने दुसरी वडी उचलली होती. आजीबाईंनी तिच्या हातावर आपला हात ठेवला. मुलगा खिडकीबाहेर पाहू लागला. मी यजमानांनी वाढलेली आठवी बशी, त्यात एक घास ठेवून, बाजूला सारली.

शेवटी भात आला, फळांच्या फोडी आल्या. फळे आली की जेवण संपले, असा तिथला संकेत. सौ.ने भाताकडे पाहिलेसुद्धा नाही.

घरी आल्यावर मुलाने त्या ‘देवळातल्या जेवणा’विषयी वाचून दाखवले. सहाव्या शतकात लियांग घराण्याचा सम्राट वू याने चीनच्या बौद्ध भिक्षूंना मांस वर्ज्य करायला लावले. तेव्हापासून मठांत शाकाहारी पाककला वाढत गेली. गव्हाच्या चिकाचे आणि सोयाच्या पापुद्र्यांचे ‘मांस’, ‘बदक’, ‘कोंबडी’ करण्याची हौस त्यातूनच निघाली. आलेल्या मांसाहारी यात्रेकरूला आपले पान परके वाटू नये, हाही त्यात हेतू. शांघायमध्ये ‘गोंगदेलिन’ नावाचे असे उपाहारगृह १९२२ साली निघाले. नकली बदक हे खऱ्याची हाव म्हणून नव्हे, तर खरे खाणाऱ्याला सांभाळून घेण्यासाठी असते, हे ऐकून सौ. म्हणाली, “मग मी उगाच तोडून बोलले.”

पण खरी मौज पुढेच होती. त्या भिक्षूंना पाच उग्र पदार्थ वर्ज्य आहेत: लसूण, कांदा, त्यांच्या जातीच्या इतर भाज्या आणि हिंग! त्यांच्या ग्रंथांत हिंगाला ‘शिंगच्यू’ म्हणतात. तो आपल्या संस्कृत ‘हिंगु’चाच चिनी उच्चार. म्हणजे जी डबी सौ. सोवळ्याचा आधार म्हणून घट्ट धरून बसली होती, तीच त्या जेवणाच्या दृष्टीने ओवळी! सौ. पुष्कळ हसली. डबी मात्र पर्समध्येच राहिली.

दोन दिवसांनी, सोमवारी ६ ऑक्टोबरला, कोजागिरी. योगायोग असा, की त्या वर्षी चिनी लोकांचा शरदातल्या पौर्णिमेचा सण त्याच दिवशी आला होता. त्या दिवशी ते सारे कुटुंब एकत्र जमवतात आणि चंद्र पाहत गोल पोळ्या खातात. सौ.ने निरोप धाडला: घरचे जेवण आटोपून आमच्याकडे दूध प्यायला यावे. ते सगळे आले. चरबीऐवजी वनस्पती तेलात केलेल्या चंद्रपोळ्या त्यांनी शोधून आणल्या होत्या, चिरोट्यासारखे पापुद्रे. चौदाव्या मजल्याच्या गच्चीत चंद्र आला. त्याच्यावर ससा आहे, हे आमचेही मत आणि त्यांचेही. त्यांचा ससा तिथे बसून औषध कुटतो, एवढाच फरक.

सौ.ने केशर, वेलची, बदाम-पिस्ते घालून दूध आटवले होते, वर जायफळ. पातेल्यात चंद्र दाखवला आणि पहिली वाटी आजीबाईंना दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, वास घेतला, क्षणभर थांबल्या, आणि घोट घोट करत प्यायल्या. सौ. त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. कारण आता वाढणारी ती होती. वाटी खाली ठेवली तेव्हा तळाशी दोन घोट उरले होते.

पाहुणे गेल्यावर सौ. ती वाटी हातात घेऊन म्हणाली, “आवडलं नाही वाटतं त्यांना.”

“अगं आजी,” नात म्हणाली, “थोडं ठेवलं म्हणजे पोट भरलं. सगळं संपवलं असतं, तर तू आणखी दिलं असतंस ना!”

दुसऱ्या दिवशी मुलाने सांगितले ते वेगळेच. आजीबाईंना दूध सोसत नाही. तिथल्या पुष्कळ वृद्धांना लहानपणापासून दुधाची सवय नसते, मग उतारवयात ते पचत नाही. त्यांनी कित्येक वर्षांत दूध घेतले नव्हते. रात्री जरा त्रासही झाला. सौ. एकदम खाली बसली. “मग प्यायल्या कशाला?” ती म्हणाली.

कुणालाच उत्तर देता येईना. नातीने मात्र चित्र रंगवता रंगवता वर न पाहता म्हटले, “तू नाही का बदक खाल्लंस?”

परत आल्यावर आमच्या घरात दोन गोष्टी बदलल्या आहेत. अळूवड्या झाल्या, की सौ. त्यांचे छायाचित्र सुझौला पाठवते. तिकडून कधी शिंगाड्यांचे येते, कधी गुंडाळ्यांचे. दुसरी गोष्ट माझी. गेल्या महिन्यात दांडिया बाजाराजवळ एका लग्नात जेवायला बसलो होतो. आग्रह फार चालला होता. मी सुझौची युक्ती करून पानात जिलबीचा एक तुकडा मुद्दाम ठेवला आणि यजमानांकडे पाहून समाधानाने मान हलवली.

शेजारून सौ. हळूच म्हणाली, “हे बडोदं आहे. पान स्वच्छ करा.”